सखूची रेती

सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते. २०१७ साली स्वच्छतेच्या सर्वेक्षणात इंदूरला देशात पहिला क्रमांक मिळाला, आणि तेव्हापासून ही गाडी म्हणजे आमच्या शहराची काकडआरतीच होऊन बसली आहे. ती गाणे वाजवीत येते. गृहिणी, पेन्शनर, दप्तर पाठीला लावलेली मुले आपापल्या बादल्या घेऊन जिने उतरतात. ओले ओल्या कप्प्यात, सुके सुक्या कप्प्यात पडते आणि गाडी पुढे जाते. २०२३च्या कार्तिकातल्या एका सकाळी या आरतीला मी आयुष्यात प्रथमच हजर राहिलो. माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके होते. गाडीवरच्या तरुणाने ते हातात घेऊन वजनाचा अंदाज केला आणि विचारले, “मास्टरसाब, ये गीला है या सूखा?”

मुलांना प्रश्न विचारण्यात माझे सारे आयुष्य गेले. पण या साध्या प्रश्नाने मला निरुत्तर केले. पुडक्यात सोयाबीनचा चोथा होता, म्हणजे ते ओले. तो वाळवून, दाबून, पिशवीत भरून विकत आणलेला होता, म्हणजे सुके. आणि त्यात आमच्या मांजरीने जे काही मिसळले होते, त्याला ओले-सुके या द्वैतापलीकडचीच एखादी कोटी हवी होती. मी खालच्या आवाजात वस्तुस्थिती सांगितली. तो हसला. “तो बच्चों के लंगोट वाले डिब्बे में डालिए,” म्हणाला. माझ्या मते तो निकाल अचूक होता. २०२२ सालापासून आमच्या शहराचा ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो. तेथे दिवसाला ५५० टन कचऱ्यापासून वायू आणि खत तयार करण्याची सोय आहे. मांजराची विष्ठा त्या खतात जाता कामा नये. का, ते पुढे येईलच. पण ते समजायला मला त्या सकाळपर्यंत सहा महिने लागले होते, आणि त्या सहा महिन्यांत मी मांजरीपेक्षा स्वतःविषयीच अधिक शिकलो. त्याचीच ही हकीकत.

सखू ही माझ्या आईची मांजर. २०१५च्या पावसाळ्यात रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या पागोळीखाली भिजत ओरडणारे ते पिलू आईने पदरात घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याला नाव ठेवले. त्या घराला परसू होते. परसात पारिजातकाखाली भुसभुशीत काळी माती होती. सखूचे सगळे प्रातर्विधी तेथेच होत. ती खड्डा करी, काम उरकी, मागच्या मागे माती लोटी आणि एकदा हुंगून खात्री करून घेई. आई म्हणे, “माणसांपेक्षा हिलाच लाज अधिक.” मांजराच्या विष्ठेचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या घरात कधी उद्भवलाच नाही. माती होती, ऊन होते, पाऊस होता. ते आपापसांत पाहून घेत.

आई २०२१ साली गेली. २०२३च्या उन्हाळ्यात जुने घर मोडले आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. सामान आले, देव आले, सखू आली. परसू काही आले नाही. मोजून चार तुळशीच्या कुंड्या मावतील एवढी गॅलरी आणि खाली फरशीच फरशी. पहिल्याच रात्री सखूने तुळशीच्या कुंडीचा परसू केला आणि सकाळी सौभाग्यवतींच्या ते लक्षात आले. त्यानंतर जे झाले ते येथे लिहीत नाही.

तेव्हा मांजरासाठी घरात काहीतरी मांडले पाहिजे, हे ठरले. ते काय मांडावे याची निवड, घरातला शिकलासवरलेला माणूस म्हणून, मी माझ्याकडे घेतली.

निवडीआधी नावाचा प्रश्न आला. पाळीव प्राण्यांच्या वस्तूंच्या दुकानात मी गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, “लिटर चाहिए? पाँच लिटर दूँ कि दस?” मला वाटले, हा द्रवपदार्थ असावा. मग उलगडा झाला, की त्या वस्तूचे इंग्रजी नावही लिटर आणि काही पिशव्यांवर तिचे मापही लिटर! पाच लिटर लिटर घेऊन घरी येताना, मराठीत एम. ए. केलेल्या माणसाला शोभेल असा एखादा प्रतिशब्द मी वाटभर शोधीत होतो. ‘मांजरमाती’ सुचला, पण त्या दुकानात लाकडाची, मक्याची, सोयाबीनचीही पोती होती, आणि त्यांना माती कशी म्हणावी? अखेर सूनबाईने, “बाबा, आपण रेतीच म्हणू या,” असे म्हणून भाषेचा वाद मिटविला. तेव्हापासून आमच्या घरात ती रेतीच. मग ती नदीची असो, की शेतातली.

ही वस्तू जन्माला कशी आली, तेही रंजक आहे. पूर्वी पाश्चात्त्य देशांतही घरातल्या मांजरांसाठी राख, वाळू, साधी माती असेच काहीतरी ठेवीत. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे त्याची एक शेजारीण आली. थंडीने तिचा वाळूचा ढीग गोठला होता. कारखान्यांत सांडलेले तेल टिपण्यासाठी वापरतात ती शोषक माती लोकडे होती. त्याने तिला तीच दिली. बाईला ती इतकी पसंत पडली, की लोने तीच पिशव्यांत भरून विकायला सुरुवात केली. एका गोठलेल्या ढिगातून केवढा मोठा व्यवसाय उभा राहिला!

आमचा पहिला प्रयोग मात्र एड लोच्या आधीच्या काळातला होता. शेजारी बांधकाम चालू होते. तेथून एक घमेलेभर वाळू मागून आणली आणि प्लॅस्टिकच्या तसराळ्यात पसरली. सखूने ती तात्काळ मान्य केली. यात नवल नाही; आपल्या घरच्या मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या रुक्ष प्रदेशांतली रानमांजरे. वाळूत उकरणे तिच्या रक्तातच आहे. पण वाळू ओल शोषीत नाही, नुसती धरून ठेवते. लघवीतल्या युरियावर जंतूंचे काम सुरू झाले की अमोनिया सुटतो. नाकाला झोंबतो तो हाच. वैशाखाच्या उन्हात तिसऱ्या दिवशी त्या गॅलरीत उभे राहवेना.

दुसरा प्रयोग दुकानातल्या मातीचा. ही बेंटोनाइट. आपल्याकडे कच्छात आणि राजस्थानात बाडमेरकडे तिच्या खाणी आहेत. पाणी लागले की ही माती फुगते आणि ओल्या भागाचा घट्ट गोळा बनतो. तो गोळा तेवढा झाऱ्याने उचलून टाकावा, बाकीची रेती कोरडी राहते. ही युक्ती मला इतकी आवडली, की आल्या-गेल्याला मी तिचे शास्त्र समजावून सांगू लागलो. सौभाग्यवती मात्र रोज सकाळी तो गोळा उचलताना खोकत असत. त्यांना दम्याचा त्रास आहे. तसराळे हलविले, की पिठासारखी बारीक धूळ उठे. खनिज मातीच्या अशा धुळीत सिलिकाचेही कण असू शकतात, आणि ते फुप्फुसांना हितकर नव्हेत. हे मला एके दिवशी पिशवीवरचा बारीक मजकूर वाचताना उमगले. त्या दिवसापर्यंत त्या दीड महिना खोकत होत्या, आणि मी दिवाणखान्यात बसून पाहुण्यांना मातीचे गुण सांगत होतो.

मग मी ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या मागे लागलो. वास्तविक बेंटोनाइट काही कारखान्यात जन्मत नाही. तीही पृथ्वीच्या पोटातलीच. पण ती खणून काढावी लागते, ती जड, आणि टाकल्यावर कुजत नाही. जेथे टाकू तेथे पडून राहते. याउलट वनस्पतीजन्य रेती ही बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी धंद्याचे उरलेसुरले असते. लाकडाचा भुसा, मक्याच्या कणसाची बुरकुंडे, नारळाच्या काथ्याचा चुरा, सोयाबीनचा चोथा. उरलेल्याचा उपयोग करणे हा आपला जुना संस्कार. आईने तर आंब्याची कोय कधी वाया घालविली नाही.

त्या उत्साहात मी आरामशिनीवर जाऊन पोतेभर भुसा आणला. फुकट मिळाला, म्हणून आनंद दुणावला. तो दोन दिवस टिकला. भुसा ओल शोषतो खरा, पण हलका असतो. सखूच्या पायांना, शेपटीला, केसांना लागून तो देवघरापर्यंत पोहोचला. शिवाय आरामशिनीच्या भुशात सागवान किती, प्लायवूड किती, त्यात कसला डिंक आणि कसले औषध, हे आपण सांगू शकत नाही. मांजर अंग चाटून स्वच्छ करते. जे तिच्या पायाला लागते, ते तिच्या पोटात जाते. फुकटाचा भुसा म्हणूनच महाग. तांदळाच्या तुसाचीही मी चौकशी केली; पण ते टोचते आणि उडते, आणि पावसाळ्यात त्यात किडे होतात, असे धान्याच्या व्यापाऱ्यानेच सांगून माझे श्रम वाचविले.

तेव्हा लाकडाच्या दाबलेल्या कांड्या आणल्या. वाळलेला भुसा मोठ्या दाबाखाली छिद्रांतून काढला, की लाकडातलेच लिग्निन मऊ होऊन त्याला बांधून धरते. बाहेरचा डिंक लागत नाही. या कांड्यांवर ओल पडली, की त्या फुगतात आणि त्यांचा पुन्हा भुसा होतो. मग जाळीच्या तसराळ्यातून भुसा खाली गाळून घ्यायचा आणि कोऱ्या कांड्या वर राहतात. धूळ कमी, वास बराचसा झाकलेला, चीड-देवदाराचा मंद दरवळ. माझ्या दृष्टीने निवड पूर्ण झाली. जुनी रेती एका दुपारी संपूर्ण काढून टाकून मी कांड्या भरल्या. म्हणजे, भरायला सांगितल्या.

सखूने तसराळ्यात एक पाय ठेवला, उचलून झटकला, माझ्याकडे पाहिले आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाच्या खालच्या खणातली आईची गोधडी ओली सापडली.

ती गोधडी आईने स्वतः शिवलेली. तिच्या जुन्या नऊवारींचे आठ पदर एकमेकांवर घालून. शेवटच्या आजारात तीच तिच्या पायांवर असे. ती धुऊन आम्ही जपून ठेवली होती. मी हातात वर्तमानपत्राची सुरळी घेऊन सखूच्या मागे धावलो, हे लिहायला मला आज लाज वाटते. ती पलंगाखाली शिरली. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “तिला कशाला मारता? तिला त्या काड्या टोचतात. सगळ्यांत मऊ जे मिळालं, तिथं ती गेली.”

पुढे पशुवैद्यांनी हेच सांगितले. मांजर सूड म्हणून असे करीत नाही. तिला पायाखाली बारीक, मऊ, उकरता येईल असे काहीतरी हवे असते. सुगंध घातलेली रेती आपल्याला आवडते, तिला नाही. तिचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. आणि रेती बदलायचीच झाली तर एका दुपारी नव्हे. जुन्यात नवी थोडी थोडी मिसळीत, आठ-दहा दिवसांनी. “माणसालासुद्धा घर बदललं की झोप लागत नाही, गुरुजी,” ते म्हणाले. सखूने तर त्याच वर्षी घरही बदलले होते, आणि तिचे माणूस आधीच गेले होते. निवड माझी, असे मी समजत होतो. निवड तिची होती.

आणि उपसणे? ते कोणाचे होते, हे दिवाळीत कळले.

दिवाळीच्या पाडव्याला चिरंजीवाने आणि सूनबाईने गोड बातमी दिली. घरात आनंद झाला. दोन दिवसांनी सौभाग्यवतींनी विषय काढला. गरोदर बाईच्या घरात मांजर नको, असे त्यांना शेजारणीने सांगितले होते. सखूला गावाबाहेरच्या एका नातलगांच्या मळ्यावर सोडावे, असे त्यांचे म्हणणे. मळ्यावर तीन कुत्री होती. सखू आठ वर्षांची. तिने कुत्रा पाहिला तो गॅलरीतून.

मी तडकलो. “ही अंधश्रद्धा आहे,” म्हणालो. सूनबाई म्हणाली, “बाबा, अंधश्रद्धा नाहीये सगळी. आपण डॉक्टरांनाच विचारू.” आम्ही तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारले, पशुवैद्यांनाही विचारले. दोघांचे सांगणे जुळले, म्हणून ते येथे देतो. कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो, आणि बहुधा मांजर रस्त्यावर टाकून तो सोडविला जातो.

टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परोपजीवी सूक्ष्मजीव आहे. मांजराला त्याची लागण झाली, तर काही दिवस तिच्या विष्ठेतून त्याची बीजे बाहेर पडतात. गरोदरपणात प्रथमच त्याची लागण झाली, तर गर्भाला अपाय होऊ शकतो. एवढे खरे आहे. पण ही बीजे पडल्या पडल्या बाधत नाहीत; त्यांना बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज काढली, तर धोका फारच थोडा उरतो. जे मांजर घराबाहेर जात नाही, उंदीर-पाखरे मारीत नाही, कच्चे मांस खात नाही, त्याला लागण होण्याचा संभवही कमी. उलट अर्धेकच्चे मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतून हा जीव माणसापर्यंत अधिक येतो. तेव्हा उपाय असा, की मांजर घरात राहू द्यावे. गरोदर स्त्रीने रेतीला हात लावू नये. दुसऱ्या कोणीतरी ती रोज काढावी आणि हात साबणाने स्वच्छ धुवावेत. ही विष्ठा भाजीच्या खतात घालू नये आणि संडासातही सोडू नये, पिशवीवर तसे करता येते म्हणून छापलेले असले तरी. कारण सांडपाणी शुद्ध करूनही ही बीजे मरतीलच असे नाही. आमच्याकडे हिंदीत म्हण आहे, की बिल्लीचे ते ना लिंपायला ना पोतायला. म्हण बरोबर आहे. गाईचे शेण आणि मांजराची विष्ठा दोन्ही नैसर्गिक. पण एकाने अंगण सारवतात, दुसरे बंद पुडक्यातच गेले पाहिजे. नैसर्गिक या शब्दाला इतके अर्थ आहेत!

घरी येऊन मी विजयी मुद्रेने म्हणालो, “पाहिलंस? रोज काढली की झालं.”

सौभाग्यवती पोळ्या लाटीत होत्या. त्यांनी लाटणे थांबविले. “रोज कोण काढणार?”

मी गप्प राहिलो.

“अहो, मला मांजराचा राग नाही,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं झाली या घरात. मुलाचं मी काढलं. सासऱ्यांचं काढलं. सासूबाईंचं आठ महिने काढलं. मांजराचं काढतेच आहे. आता बाळंतपण येईल, तेही मीच काढीन. आणखी एक नको, एवढंच म्हणते.” आणि त्यांनी पुन्हा लाटणे सुरू केले.

आठ महिने. आईला अर्धांगाचा झटका आल्यापासूनचे ते आठ महिने. मी मातृभक्त मुलगा म्हणून नातलगांत माझे कौतुक होते. कारण रोज संध्याकाळी मी आईच्या उशाशी बसून ज्ञानेश्वरी वाचीत असे. वाचता वाचता आईची कूस बदलण्याची, दुपटे बदलण्याची वेळ येई. मग मी पुस्तकात खूण घालून गॅलरीत जाऊन उभा राहत असे. सौभाग्यवती सगळे आवरून, हात धुऊन, खोलीत उदबत्ती लावीत आणि “या आता” म्हणत. मी आत येऊन खूण काढून पुढची ओवी वाचीत असे. आठ महिन्यांत एकदाही मला असे वाटले नाही, की त्या खोलीत माझ्या वाचनाखेरीज आणखी काही चालले आहे. दरवर्षी २ ऑक्टोबरला मी शाळेत श्रमप्रतिष्ठेवर बोलतो. मुले टाळ्या वाजवितात. मुले ऐकून घेतात, हे मुलांचे मोठेपण.

“मी काढीन,” मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिले नाही. “बघू,” एवढेच म्हणाल्या.

आता मात्र निवडीकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. पूर्वी मी शास्त्र पाहत होतो. आता माझे गुडघे पाहू लागलो. जड पिशवी तिसऱ्या मजल्यावर मला चढवायची होती. धूळ माझ्या नाकात जायची होती. सखूने नाकारले, तर ती ओली गोधडी मला धुवायची होती. अशा रीतीने फिरून मी सोयाबीनच्या रेतीपाशी आलो. सोयाबीन भिजवून, वाटून दूध काढले, की जो चोथा उरतो, तो वाळवून, स्टार्च किंवा गवारीच्या बियांचा डिंक मिसळून, त्याच्या शेवयांसारख्या बारीक कांड्या करतात. ओल लागली की त्या एकमेकींना धरतात आणि गोळा बनतो. म्हणजे मातीचा गुण आला. धूळ फार थोडी, वजन हलके, लाकडाच्या कांड्यांपेक्षा पायाला मऊ. माळवा ही सोयाबीनची भूमी; १९८७ सालापासून सोयाबीनच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आमच्या इंदुरातच आहे. मला वाटले, घरचाच माल. पिशवी उलटून पाहिली, तर ती दूरदेशाहून आलेली होती! आमचे पीक पिवळ्या दाण्यांनी भरलेल्या ट्रकांतून बाहेर जाते आणि परक्याचा चोथा दुकानात येऊन बसतो. असो.

या खेपेला मी घाई केली नाही. सखूला पटलेली माती तसराळ्यात तीन भाग आणि सोयाबीन एक भाग, अशी सुरुवात केली. मातीची धूळ उठे, म्हणून सौभाग्यवती गॅलरीत नसताना, तोंडाला फडके बांधून. मग निम्मेनिम्म. दहाव्या दिवशी माती संपली. तसराळे स्वयंपाकघरापासून आणि सखूच्या दुधापासून दूर, गॅलरीच्या आडोशाच्या कोपऱ्यात ठेवले. खाण्याजवळ तिलाही ते नको असते. रेतीचा थर तीन-चार बोटे. सकाळी एकदा, रात्री एकदा गोळे काढायचे. जेवढे काढू तेवढे नवे भरायचे. आणि ठरावीक दिवसांनी सगळे ओतून तसराळे कढत पाण्याने आणि साबणाने धुवायचे. फिनाईल नाही. आपल्याकडे स्वच्छता म्हटली की हात फिनाईलच्या बाटलीकडे जातो. पण तशा उग्र औषधातले फेनॉल मांजराला विषारी, आणि ती तर आपले पाय चाटणार. उपकरण म्हणून मी बर्तन बाजारातून एक नवा झारा आणला आणि त्याच्या दांड्याला तांबडे सूत बांधले. त्याआधी एकदा चुकून स्वयंपाकघरातला झारा वापरला गेला होता. तो प्रसंगही येथे लिहीत नाही.

पहिल्या दिवशी मला उमासा आला. दुसऱ्या दिवशीही आला. आठवडाभराने लक्षात आले, की आपण उकिडवे बसून, चष्मा सावरून, गोळे मोजतो आहोत. हे मोजणे रिकामपणाचे नव्हे. गोळे एकाएकी मोठे आणि पुष्कळ होऊ लागले, तर मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासावा. गोळाच नसेल आणि मांजर सारखे येऊन कण्हत बसत असेल, तर तासभरही न दवडता डॉक्टर गाठावा, आणि बोका असेल तर विशेषच, कारण लघवी तुंबून त्याचा जीव जाऊ शकतो. मुक्या प्राण्याची तक्रार रेतीत लिहिलेली असते. ती रोज वाचणारा हवा. माझी पत्नी आईच्या आजारात असेच काही वाचीत असली पाहिजे. डॉक्टर आले, की तीच सगळे सांगत असे. आज किती वेळा, किती, कोणता रंग. मला वाटे, या बायकांना किळस कशी येत नाही?

सोयाबीनची रेती निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. २०२४च्या पावसाळ्यात अर्धी उघडी राहिलेली पिशवी आठ दिवसांत कुबट झाली. खाली मुंग्यांची रांग लागली. जे शेतातून आले, त्याच्यावर शेतातले सगळे हक्क सांगणारच. तेव्हापासून लहान पिशवी आणतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओततो. मातीपेक्षा ती महाग पडते. ज्यांच्या घरी दमेकरी नाही आणि पाठ मजबूत आहे, त्यांना बेंटोनाइटही पुरेशी. ज्यांचे मांजर लहानपणापासून लाकडाच्या कांड्यांना सरावले आहे, त्यांनी खुशाल त्या वापराव्या. कोणी विचारले तर मी आता एवढेच सांगतो: जो उपसणार असेल, त्याला आधी विचारा, मग मांजराला विचारा, आणि पिशवीवर काय छापले आहे ते सर्वांत शेवटी वाचा.

ज्येष्ठात घरात नात आली. बारशाच्या दिवशी नातलग जमले होते. मी दिवाणखान्यात बसून कोणाला तरी नावाची व्युत्पत्ती सांगत होतो. सखू खिडकीत ऊन खात पडली होती. आतून रडण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सौभाग्यवतींची हाक आली. “अहो, मी पुरणात हात घातलाय. तिचं दुपटं ओलं झालंय.”

समोरचे गृहस्थ माझ्या वाक्याच्या शेवटाची वाट पाहत होते. मी बाह्या वर सारल्या आणि उठलो.